बाबांच्या डब्यातली सात रोमन नाणी ओळखायची कशी? (एक मी बिघडवलंय)

गिरगावची लेक
२ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. या विषयातलं मला काही कळत नाही, म्हणून पाल्हाळ लागलं तरी सगळं लिहिते.

आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. बाबा बोटीवर इंजिनात कामाला होते. ट्रंकेत त्यांची सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), नट आवळायचे दोन पाने आणि गोळ्यांचा एक चपटा डबा होता. डब्यात कापसात गुंडाळलेली सात नाणी, आणि कापसाखाली बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: "अलेक्झांड्रिया, जुना बाजार, १९७८. खरी असावीत." बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. आईला ही नाणी घरात आहेत हेच माहीत नव्हतं.

तीन नाणी तर पार गुळगुळीत आहेत. बाकीच्यांपैकी एकावर लांडगीसारखं जनावर उभं आहे, तिच्या पोटाखाली दोन बाळं, वर दोन चांदण्या. पाठीमागे शिरस्त्राण घातलेलं डोकं. दुसऱ्यावर एक शिपाई घोडेस्वाराला भाला खुपसतोय आणि घोडा पुढच्या पायांवर कोसळलाय. तिसरं शर्टाच्या बटणाएवढंच आहे, त्यावर पंखवाली बाई कुणाला तरी फरफटत नेतेय असं वाटतं.

आता चौथ्याबद्दल. त्यावर काळपट हिरवा थर होता आणि दोन शिपाई समोरासमोर उभे आहेत एवढं कळत होतं. दिवाळीला तांब्याची कळशी घासतो तसं मी ते चिंच-मिठाने घासलं. तांबूस, चकचकीत झालं, पण शिपाई जवळजवळ पुसले गेले. दहा दिवसांनी त्यावर पोपटी भुकटी दिसली. पुसली, तर दोन दिवसांनी परत आली. बाबांनी इतकी वर्षं कापसात जपलेलं नाणं मी अर्ध्या तासात घालवलं, ते मनातून जात नाही.

ही कुठल्या राजाची नाणी ते कसं ओळखायचं? त्या भुकटीचं काय करू? बाकीच्या नाण्यांना ती लागेल का?

दादर पश्चिम
२ ऑगस्ट, रात्री ११:२०

चेहरा कॉन्स्टन्टाइन द ग्रेटचाच असणार, त्या काळातला मोठा राजा तोच. अशी नाणी लाखांत जातात असं मी व्हिडिओत पाहिलंय. घरातलं कुणी दुबई-लंडनला असेल तर त्यांच्याकडून तिथल्या लिलावात टाका, इथे भाव येणार नाही.

मुलुंडचा व्हर्नियर
३ ऑगस्ट, सकाळी ६:१५

ताई, आधी चौथ्या नाण्याचं बघू, ते थांबायला तयार नाही.

पोपटी भुकटीला नाणी जमवणारे ब्राँझचा रोग म्हणतात. शेकडो वर्षं जमिनीत राहिलेल्या तांब्यात क्लोराइड मुरलेलं असतं. वरचा हिरवा-काळा थर त्याला झाकून ठेवतो. तुम्ही तो थर काढलात आणि वर मिठातलं क्लोराइड आणखी चोळलंत. ओलावा आणि हवा मिळाली की त्या क्लोराइडपासून आम्ल होतं, ते खालचं तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच क्लोराइड तयार होतं, आणि हे चक्र चालू राहतं. हवेतली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या वर गेली की ते जागं होतं, आणि आपल्याकडे ऑगस्टमध्ये ती ८० च्या आसपास असते. म्हणून घाई करा.

ते नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं करा. गोवर-कांजिण्यांसारखा हा रोग उडून लागत नाही, पण भुकटी सांडली तर त्रास होतो. टूथपिकने भुकटी अलगद खरवडून काढा. लोखंडी सुई नको. मग काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवून ठेवा. नळाचं पाणी चालणार नाही, त्यातही क्लोरीन असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालेल. आठवडाभर रोज पाणी बदला, मग दोन-तीन दिवसांआड. महिना लागेल. शेवटी हेअर ड्रायरच्या कोमट हवेवर पूर्ण कोरडं करा आणि घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्याच पुड्या. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात मात्र काही ठेवू नका, ते प्लास्टिक स्वतःच पाझरतं आणि तांब्यावर हिरवा चिकटा धरतो. आणि बाबांचा कापूस आता काढा. कापूस ओलावा धरतो.

वाईट वाटून घेऊ नका असं म्हणणार नाही, कारण मलाही वाटलं होतं. १९९४ साली फोर्टात फुटपाथवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मी माझं पहिलं रोमन नाणं घेतलं आणि घरी येऊन लिंबात बुडवलं. त्या काळातल्या काही नाण्यांवर चांदीचा अगदी पातळ मुलामा असे. माझ्या नाण्यावर तो राजाच्या केसांच्या खळग्यांत शिल्लक होता. सकाळी उठून बघितलं तर वाटीतलं पाणी हिरवं आणि केस तांबडे. सतराशे वर्षं टिकलेली चांदी एका रात्रीत गेली. ते नाणं अजून माझ्या टेबलावर असतं.

आता ओळखण्याबद्दल. दादरकर, चेहऱ्यावर जाऊ नका. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या रोमन नाण्यांवर माणूस ओळखू येतो: नीरोची जाड मान, हेड्रियनची दाढी. चौथ्या शतकात ते संपलं. नाण्यावर आता माणूस नसतो, पद असतं. मोठे डोळे, सरळ नाक, डोक्यावर मोत्यांची पट्टी, आणि बाप-लेक सगळे सारखे. त्यातून नावंही एकमेकांत अडकलेली. बाप कॉन्स्टन्टीनुस (तुमचा कॉन्स्टन्टाइन तोच), त्याच्या मुलांची नावं कॉन्स्टन्टीनुस, कॉन्स्टान्टीउस आणि कॉन्स्टान्स. सुरुवात एकच, फरक शेपटाला. म्हणून आपण नाव शेवटाकडून वाचायचं.

त्याहून महत्त्वाची आहे नाण्याच्या मागच्या बाजूची सगळ्यात खालची, आडव्या रेघेखालची ओळ. बहुतेक लोक ती बघतच नाहीत. तिथे टांकसाळीचं नाव असतं, आणि बऱ्याचदा टांकसाळीतल्या कुठल्या कारखान्यात नाणं पाडलं त्याचं अक्षरही, पूर्वेकडे बहुतेक ग्रीक. मी ३२ वर्षं भांडुपला एका कारखान्यात तपासनीस होतो. जोडकामावर कुणाच्या पाळीचा शिक्का आहे ते आधी बघायचो. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची माणसंही तेच करत होती, कुणी हलकं नाणं पाडलं तर त्याला पकडता यावं म्हणून. ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झोप आली नव्हती.

तेव्हा ताई, तीन गोष्टी कळवा. एक, प्रत्येक नाण्याचं वजन. गल्लीतल्या सोनाराकडे जा, त्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, पैसे घेणार नाही. दोन, व्यास, मिलीमीटरमध्ये. तीन, खालच्या ओळीतली जेवढी अक्षरं दिसतात तेवढी. संध्याकाळी दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या अगदी कडेला, जमिनीलगत धरा. वरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. कडेने टाकला की झिजलेली अक्षरंही सावली पाडतात. नाणं हळूहळू फिरवत राहा, कारण एका बाजूने 'आय' वाटलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने 'एल' निघतं.

आणि ते परदेशी लिलावाचं डोक्यातून काढून टाका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणंही येतं. असली वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, मग ती मुळात बाहेरून आलेली का असेना. शिवाय अशी झिजलेली तांब्याची नाणी लाखांत जात नाहीत. ती हजारो-लाखोंनी पाडली गेली आणि हजारोंनी सापडलीत.

वसई-नालासोपारा
३ ऑगस्ट, दुपारी १:०५

छान माहिती. एक शंका आहे. आमचं सोपारा म्हणजे पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेतलं सुप्पारा, आणि कल्याण म्हणजे कल्लिएना. रोमन जहाजं इथे यायची असं लहानपणापासून ऐकतोय. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला त्याचीही गोष्ट शाळेत ऐकली होती. मग ही नाणी इथेच कोकणच्या किनाऱ्यावर सापडलेली नसतील का? खलाशांनी एकमेकांना विकलेली?

मुलुंडचा व्हर्नियर
३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

वसईकर, प्रश्न चांगला आहे, पण काळ जुळत नाही. सोपारा-कल्याणला रोमन व्यापाराची भरती होती ती पहिल्या-दुसऱ्या शतकात. भारतात तेव्हा आलेलं नाणं म्हणजे प्रामुख्याने ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची चांदी-सोनं, आणि त्याचे साठे सापडले ते बहुतेक दक्षिणेत, कोईमतूरच्या बाजूला. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो म्हणून रोमन लेखक प्लिनी कुरकुरला ते याच काळात. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, सापडला, तेरला टायबेरियसच्या नाण्यावरून घडवलेली मातीची पदकं निघाली, तीही त्या पहिल्या लाटेच्या मागोमागची.

ताईंची नाणी त्यांवरच्या चित्रांवरून चौथ्या शतकातली, म्हणजे त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी पाडलेली. या काळातलं लहान तांब्याचं नाणं भारताच्या बाजूला येतं, पण तमिळनाडूत आणि श्रीलंकेत. तिथे ती इतकी चालली की श्रीलंकेत त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. कोकणात तसं काही नाही. आणि ताईंकडे तर बाबांच्या हातची चिठ्ठी आहे. मला सोन्याच्या नाण्यापेक्षा ती चिठ्ठी मोलाची वाटते. बाजारात फिरणाऱ्या शंभर नाण्यांपैकी एकाचाही असा पत्ता मिळत नाही.

एक आठवलं म्हणून सांगतो. दक्षिणेत सापडलेल्या रोमन सोन्याच्या कित्येक नाण्यांना भोकं पाडलेली असतात, बायकांनी गळ्यात घातल्यामुळे. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळीही मूळची व्हेनिसची मोहोर. आजीच्या गळ्यात असायची, तिला कुणी परकी म्हटलं नाही.

गिरगावची लेक
९ ऑगस्ट, रात्री ९:३०

काका, सगळं केलं. सोनाराने चहाही पाजला.

लांडगीचं नाणं १७.५ मिलीमीटर, २.३१ ग्रॅम. खाली अक्षरं वाचली ती अशी: एस, एम, ए, एल, आणि पुढे एक झिजलेलं. डोक्याभोवती 'व्ही आर बी एस' आणि 'आर ओ एम ए'.

घोडेस्वाराचं १७ मिलीमीटर, २.१८ ग्रॅम. खाली एस, एम, के आणि पुढे काहीतरी. डोक्यावर मण्यांची पट्टी आहे. नावाची सुरुवात गेली, शेवट दिसतो: टी, आय, व्ही, एस, मग पी, एफ, ए, व्ही, जी.

बटणाएवढं १३ मिलीमीटर, १.०९ ग्रॅम. खालची ओळ नाण्याबाहेर गेलीय. बाईच्या समोर एक खूण आहे, उभ्या रेघेला वर 'पी'सारखा गोळा आणि मध्ये आडवी रेघ. नावातलं फक्त 'आय व्ही एस' दिसतं.

आठव्या-नवव्या प्रयत्नात 'एल' दिसलं तेव्हा मी आईला हाक मारली. टॉर्च तिच्याच हातात दिला होता.

मुलुंडचा व्हर्नियर
१० ऑगस्ट, सकाळी ५:५०

ताई, तुम्ही फार नीट वाचलंत. एकेक घेतो.

लांडगीच्या नाण्यावर लिहिलंय 'उर्ब्स रोमा', रोम नगरी. त्या काळी 'यू'साठी 'व्ही' कोरत, म्हणून 'व्ही आर बी एस'. शिरस्त्राणातलं डोकं राजाचं नाही, रोम नगरीचंच आहे, तिला देवी करून दाखवलंय. लांडगीच्या पोटाशी रोम्युलस आणि रीमस, दंतकथेतले रोम वसवणारे जुळे भाऊ. ३३० साली ११ मे रोजी कॉन्स्टन्टाइनने बोस्फोरसच्या काठी, आजच्या इस्तंबूलच्या जागी, आपल्या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं. नव्या नगरीच्या मानाचं एक नाणं निघालं आणि जुन्या रोमचं हे. त्या वेळी या नाण्यांचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास होतं, ३३६ च्या सुमाराला ते पावणेदोन ग्रॅमच्या आत आलं. तुमचं २.३१, म्हणजे पहिल्या पाच-सहा वर्षांतलं. वजन इतकं महत्त्वाचं का, ते बघा: सम्राट डायोक्लेशनने २९४ साली नवं नाणं काढलं तेव्हा ते दहा ग्रॅमचं होतं. चाळीस वर्षांत ते एवढं झिरपलं.

आता खालची ओळ. 'एस एम' म्हणजे साक्रा मोनेटा, राजाची पवित्र नाणी. आणि 'ए एल' म्हणजे अलेक्झांड्रिया.

हे वाचून मी पंख्याखाली थोडा वेळ नुसता बसलो. ज्या गावात हे नाणं पाडलं गेलं, त्याच गावच्या बाजारात तुमच्या बाबांनी ते १९७८ ला विकत घेतलं. साडेसोळाशे वर्षं ते त्या मुलुखाच्या बाहेर पडलं नसेल. पडलं ते थेट गिरगावात आलं.

दुसरं, घोडेस्वाराचं. शब्द झिजले असतील, पण चित्रावरून 'फेल टेम्प रेपारातिओ', सुखाचे दिवस परत आले. ही मालिका ३४८ साली सुरू झाली, रोमच्या स्थापनेला अकराशे वर्षं झाली त्या निमित्ताने असं मानतात. सुरुवातीची नाणी मोठी होती, २२ मिलीमीटरच्या घरातली. तुमचं १७ चं, म्हणजे ३५० च्या दशकातलं, आकार घटल्यानंतरचं. इथे शेपूट कामाला येतं. कॉन्स्टान्स ३५० सालीच मारला गेला, त्यामुळे या लहान आकारात तो असूच शकत नाही. गालुस आणि जुलियन हे कनिष्ठ राजे होते, ते उघड्या डोक्याने दाखवतात. तुमच्याकडे मण्यांची पट्टी आहे, शेवटी 'टी आय व्ही एस' आहे आणि 'ए व्ही जी', म्हणजे 'ऑगस्टस' ही थोरल्या राजाची पदवी आहे. हा कॉन्स्टान्टीउस दुसरा, राज्यकाळ ३३७ ते ३६१. 'एस एम के' म्हणजे किझिकस, मार्मारा समुद्राच्या काठचं शहर, आजच्या तुर्कस्तानात. घोडेस्वाराचा एक हात मागे शिपायाकडे वळलाय का ते बघा. कधी तो हात मागे करून दया मागतो, कधी घोड्याच्या मानेला मिठी मारतो, त्यावरून उपप्रकार ठरतात.

बटणावर 'सालुस रेइपुब्लिके', राज्याचं क्षेम. विजयादेवी बंदिवानाला ओढून नेतेय आणि तुम्ही वर्णन केलेली खूण ख्रिस्ताची. हा प्रकार ३८८ च्या सुमारास सुरू झाला. 'आय व्ही एस' या शेवटामुळे वॅलेंटिनियन दुसरा बाद होतो, त्याचं नाव 'आनुस'ने संपतं. उरले थिओडोसिउस, आर्काडिउस आणि होनोरिउस. 'आय'च्या आधी 'एस' दिसला तर पहिला, 'डी' दिसला तर दुसरा, 'आर' दिसला तर तिसरा. टॉर्च पुन्हा एकदा फिरवून बघा. दिसलं नाही तर पाकिटावर तिघांची नावं लिहा. अंदाजाने एकच लिहू नका, तुमच्यानंतर ते वाचणारा फसतो.

रोमन इम्पीरियल कॉइनेज नावाच्या मोठ्या सूचीत हे सगळं आहे. तुमच्या पहिल्या नाण्यासाठी सातवा खंड, दुसऱ्यासाठी आठवा. त्या सूचीवर आधारलेला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, नाण्यांच्या फोटोंसकट. आणि कधी फोर्टात गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आईला दाखवा.

दादर पश्चिम
१० ऑगस्ट, सकाळी ९:१०

मी चुकीचं सांगितलं होतं, आणि कायद्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या मामांकडे अशीच दोन नाणी आहेत, आज संध्याकाळी टॉर्च घेऊन बसणार आहे.

गिरगावची लेक
६ सप्टेंबर, रात्री १०:१५

काका, चौथ्या नाण्याचं सांगायला आले. आज ते पाण्यातून काढलं, घालून पाच आठवडे होत आले. गेल्या बारा दिवसांत भुकटी आली नाही. ड्रायरने वाळवलं, सोनाराकडे नेलं: १५ मिलीमीटर, १.४२ ग्रॅम. कडेने टॉर्च धरला तर दोन शिपायांच्या मध्ये एक काठी दिसते, वर फडक्यासारखा चौकोन. एकच आहे, दोन नाहीत, मी आणि आईने वेगवेगळं मोजलं. चेहऱ्याच्या बाजूला एकही अक्षर उरलं नाही. खालची ओळही गेली.

मुलुंडचा व्हर्नियर
७ सप्टेंबर, सकाळी ६:००

वा! एकच निशाण, आणि वजन दीड ग्रॅमच्या आत. 'ग्लोरिया एक्सेर्सितुस', सैन्याचा गौरव. ३३० पासून या प्रकारात दोन निशाणं असत, ३३५ च्या सुमारास नाणं लहान झालं तेव्हा एकच उरलं, आणि ३४१ पर्यंत तसंच चाललं. राजा कोण ते आता कळणार नाही. कॉन्स्टन्टाइन, त्याचे तीन मुलगे किंवा पुतण्या डेल्मातिउस, या पाचांपैकी कुणीही. पाकिटावर लिहा: कॉन्स्टन्टाइनचं घराणं, एक निशाण, ३३५ ते ३४१, १.४२ ग्रॅम, अलेक्झांड्रियाच्या बाजारात घेतलं १९७८. खाली चिंच-मिठाचीही तारीख लिहा, पुढे कुणाला रंग बघून प्रश्न पडेल.

बाबांची चिठ्ठी वेगळ्या पाकिटात, नाण्यांच्या शेजारी. सिलिका जेल दिवाळीनंतर बदला.